गेमिंग सेंटर काढायचंय? आधी गाळ्याचं बोला

मंडळी, नमस्कार. विषय दिलाय 'गेमिंग सेंटर कसं सुरू करावं'. त्यातलं 'कसं' तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, समोर बसलेली निम्मी पोरं रोज रात्री खेळतात हे चेहऱ्यावरच दिसतंय. मी 'कितीला पडतं' एवढ्यावरच बोलतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मशीन, म्हणजे गेमचे कॉम्प्युटर, जोडून देणं आणि नंतर त्यांची दुरुस्ती करत फिरणं हा माझा धंदा. त्यामुळे सेंटरं उघडतानाही बघतो आणि बंद होताना तीच मशीन परत विकायला येतात, तेव्हाही बघतो.

येणारा प्रत्येक जण हातात यादी घेऊन येतो. कुठलं ग्राफिक्स कार्ड, किती रॅम, मॉनिटर किती हर्ट्झचा, सगळं पाठ. मी विचारतो, गाळ्याचं मीटर किती किलोवॅटचं आहे? की गप्प. मुंबईत हा धंदा मशीनमुळे बुडत नाही. बुडतो तो भाडं, लाईट बिल आणि घसारा, म्हणजे मशीनची दरवर्षी उतरणारी किंमत, या तिघांमुळे, आणि हे तिघंही त्या यादीत नसतात.

गाळ्यापासून सुरू करू. समजा भांडुपला स्टेशनपासून जरा आत, तीनशे स्क्वेअर फुटांचा तळमजल्याचा गाळा आहे आणि दहा मशीन लावायची आहेत. भाडं ४५ हजार धरा, डिपॉझिट ३ लाख, दलाली एका महिन्याची. भाव गल्लीगणिक बदलतो. दादरला हेच आकडे ऐकून दलाल फोन ठेवून देईल. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेलाच हवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात तसं बंधन आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. मालक सांगतो, 'अकरा महिन्यांचा करून टाकू, पुढचं पुढे बघू.' बघू नका. तुम्ही वायरिंग, एसी, फर्निचर यात पैसे घालणार आणि बाराव्या महिन्यात तो भाडं वाढवणार. निदान तीन वर्षांचा करार मागा, दरवर्षीची वाढ त्यातच लिहून घ्या.

वरच्या मजल्यावर लोक राहत असतील तर सोसायटीच्या सेक्रेटरीशी आधी बोला. तक्रार आतल्या आवाजाची फार येत नाही. ती येते बाहेर बाईकवर बसून पाळीची वाट बघणाऱ्या पोरांची.

आणि पावसाळ्यात तो गाळा एकदा बघून या. २६ जुलै २००५ तर सोडाच, त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला. पण दरवर्षी गुडघाभर पाणी साचणाऱ्या गल्ल्या ठरलेल्या आहेत. शेजारच्या किराणावाल्याच्या रॅकचा खालचा कप्पा रिकामा आहे का ते बघा. असेल तर त्याला अनुभव आहे. सीपीयू जमिनीवर ठेवायचाच नाही, टेबलालाच फूट-दीड फूट उंचीवर फळी मारून घ्या.

आता वीज, इथे मी जरा रेंगाळणार आहे. गेम चालू असताना एक मशीन मॉनिटरसकट चारशे वॅटच्या आसपास खातं. दहा मशीन म्हणजे चार किलोवॅट. आता गंमत अशी की ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत राहते. म्हणजे बंद खोलीत दोन गिझर चालू ठेवून तुम्ही पोरांना बसवलंय. त्यात माणूस नुसता बसला तरी शंभर वॅटची उष्णता सोडतो, दहा जणांची एक किलोवॅट. झाली पाच. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला तर साधारण सव्वापाच किलोवॅट उष्णता ओढतो. मे महिन्यात पत्रा किंवा स्लॅब तापलेला, दार दर पाच मिनिटांनी उघडतंय, म्हणजे एका एसीत भागत नाही. दोन लागतात. गेम खेळणाऱ्याची वीज तुम्ही दोनदा भरता, एकदा मशीनसाठी आणि एकदा ती उष्णता बाहेर काढण्यासाठी.

सगळं मिळून लोड सात-आठ किलोवॅटवर जातो. आधी तिथे झेरॉक्सचं दुकान असेल तर मीटर दोन-तीन किलोवॅटचं असतं. मग लोड वाढवून घ्या, थ्री फेज घ्या, बोर्डापासून जाड वायर ओढा, अर्थिंग नीट करा. यात पाऊण लाख सहज जातात आणि यातलं काहीही धंदा बंद करताना उचलून नेता येत नाही. वीज कोणाची येते तेही बघा. शहरात कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्ट, उपनगरात बहुतेक ठिकाणी अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. दर वेगवेगळे, पण तुम्ही कुठेही असा, बिल व्यापारी दरानंच येणार. घरच्या बिलावरून अंदाज बांधू नका. मशीन रोज सरासरी पाच-सहा तास चालली, तर एसीसकट दिवसाला पन्नासेक युनिट पडतात. महिन्याला दीड हजार युनिट, सगळे आकार धरून १८ ते २० हजार रुपये. जनरेटर मात्र कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. मुंबईत वीज इतकी जात नाही. चालू मॅच मध्येच तुटू नये आणि हार्ड डिस्क बिघडू नये एवढ्यासाठी लहान यूपीएस पुरतात.

मशीनचं थोडक्यात सांगतो. चांगलं खेळता येईल असं नवं मशीन, मॉनिटर-कीबोर्ड-माऊस-हेडफोनसकट, सध्या ७५ हजारांच्या घरात धरा. २०२५ च्या शेवटाला रॅमचे भाव असे चढले की सकाळचं कोटेशन संध्याकाळी धरता येत नव्हतं, म्हणून हातात थोडी गुंजाईश ठेवा. सेकंडहँडचा मोह सगळ्यांना होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं, म्हणजे एका डिजिटल चलनाचं, ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. ती अजून हातोहात फिरताहेत, वरून पुसून चकचकीत केलेली. कार्ड हातात घेतलं की पंखा बोटानं फिरवून बघा, घरघरला तर ठेवून द्या. ऑफिसातून निघालेल्या जुन्या मशीनचा दुसरा घोळ. विंडोज १० चा कंपनीकडून मिळणारा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट हा गेम चालवायला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षेच्या दोन सोयी चालू लागतात. त्या नसलेल्या स्वस्तातल्या मशीनवर पोरं जो गेम खेळायला आलीत तोच उघडत नाही, मग ती शेजारच्या सेंटरला जातात.

मोडतोड सांगायला हवी. गेममध्ये पुढे चालायचं डब्ल्यूचं बटण सगळ्यात आधी पुसलं जातं, माऊसचं डावं बटण एकदा दाबलं की दोनदा लागतं, हेडफोनच्या गादीचं काळं रेक्झिन सोलून पोरांच्या कानांना चिकटतं. महिन्याला पाच-सहा हजार याचे बाजूला काढाच. आयकर खातंसुद्धा कॉम्प्युटरवर वर्षाला ४० टक्के घसारा धरतं, फर्निचरवर १० टक्के. सरकारलाही कळतं मशीन किती टिकतं ते.

गेमच्या लायसन्सचं कोणी विचारत नाही, म्हणून मीच काढतो. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, डोटा २ हे फुकट आहेत, गिऱ्हाईक स्वतःच्या अकाउंटनं येतं. विकतचे गेम घरच्या अकाउंटवरून दहा जणांना भाड्यानं खेळवायला परवानगी नसते. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाईन दुकानाचा त्यासाठी वेगळा पीसी कॅफे प्रोग्रॅम आहे, तो वाचून काढा. आणि अपडेट! शंभर जीबीचा एक गेम दहा मशीनवर उतरवला की एक टीबी. शनिवारी सकाळी दुकान उघडावं आणि दहाही पडद्यांवर निळी पट्टी सरकत असावी, गल्ला शून्य. एका मशीनवर उतरवून बाकीच्यांना आतल्या नेटवर्कवरून द्यायची सोय पहिल्या दिवशीच करा.

कागदपत्रं. गुमास्त्याचं, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचं, ऑनलाईन होतं. इंटरनेट लोकांना वापरायला देता म्हणून २०११ चे सायबर कॅफेचे नियम बघा: ओळखपत्र तपासायचं, नोंदवही निदान एक वर्ष जपायची, पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको. हे सुताराला आधी सांगा, नंतर कापायला तो वेगळे पैसे घेतो. करमणुकीच्या जागेच्या परवान्याचं स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून घ्या. आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाईन गेम दुकानात नकोत. २०२५ च्या ऑनलाईन गेमिंग कायद्यानं त्यांवर बंदी आहे.

आता हिशोब. मशीन साडेसात लाख, टेबल-खुर्च्या एक लाख, एसी नव्वद हजार, वायरिंग पाऊण लाख, यूपीएस आणि नेटवर्क मिळून पंचावन्न हजार, रंग-बोर्ड-सुतारकाम एक लाख, डिपॉझिट तीन, दलाली आणि कागदपत्रांचे पासष्ट हजार, आणि तीन महिने गिऱ्हाईक नाही असं धरून तीन लाख हातात. झाले अठरा लाखांच्या पुढे. मशीन निम्म्याहूनही कमी आहेत, बघा. मुद्रा कर्जात किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तरुण गटात १० लाखांपर्यंत मिळतं. म्हणजे बाकीचे घरून.

महिन्याचं: भाडं ४५ हजार, वीज १९, एक पोरगा कामाला १८, इंटरनेटच्या दोन लाईनी ४, मोडतोड ६, सॉफ्टवेअर आणि किरकोळ ५, आणि पाच वर्षांनी मशीन बदलायला साडेबारा हजार बाजूला. एक लाख दहा हजारांच्या आसपास. बोर्डावर ताशी ८० लिहिलंत तरी पॅकेज, मेंबरशिप, मित्रांची सवलत जाऊन हातात साठ पडतात. तोंडमिळवणी करायला रोज प्रत्येक खुर्ची सहा तास भरायला हवी. तुम्हाला स्वतःला पंचवीस हजार हवेत? साडेसात तास. कर्जाचं व्याज यात नाही. रविवारी दहा तास भरेल हो, पण मंगळवारी सकाळी अकराला कोण येतं? आणि मार्चमध्ये?

जीएसटीचं एक. वर्षाचा धंदा २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. पण मग मशीन घेताना भरलेला कर परत मिळत नाही, साडेसात लाखांत तो १ लाख १४ हजारांच्या आसपास असतो. आपल्या सीएला विचारून ठरवा.

समोरून प्रश्न आलाय, पीएस फाइव्ह, म्हणजे टीव्हीला जोडायचा सोनीचा गेमिंग कन्सोल, ठेवला तर? एखादा ठेवा. जागा कमी, वीज मशीनच्या निम्मी, एका टीव्हीवर दोघं-चौघं बसतात आणि माणशी पैसे घेता येतात. फुटबॉल खेळायला ऑफिस सुटल्यावर मोठी माणसंही येतात. मात्र कंट्रोलरच्या काड्या लवकर ढिल्या होतात आणि लायसन्सची अट तिथेही घरगुती वापराचीच आहे.

आणि मागून विचारताहेत, दहाऐवजी सहानं सुरुवात केली तर? मी तर तेच सांगेन. सहा मशीन लावा, दोन महिने कुठल्या वेळेला किती खुर्च्या भरतात ते वहीत लिहा, मग उरलेली चार घ्यायला माझ्याकडे या. वायरिंग मात्र पहिल्याच दिवशी दहांचं करून घ्या. दुसऱ्यांदा भिंत फोडायला मालक हो म्हणत नाही.