आई म्हणाल्या, "ओन्ली स्टोरेज"

नमस्कार मंडळी. रविवार सकाळ, म्हणजे कुणाच्या गॅसवर पोहे असतील, कुणी मुलांना मराठी शाळेत सोडायला निघालं असेल, चालू द्या तुमचं, कान फक्त इकडे ठेवा. मागे एका श्रोत्यांनी विचारलं होतं की घराच्या लोनसाठी लेंडर आपला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपण कर्जं कशी फेडली त्याची नोंद, काढतो, घराचं अप्रेझल करून घेतो, पैसे आपल्याकडून घेतो, मग हे कागद आपल्याला बघायला मिळतात की नाही? तर अप्रेझल मिळतं, हक्काने मिळतं. क्रेडिट रिपोर्टचं जरा वेगळं आहे, ते नंतर सांगते. आणि अप्रेझल म्हणजे ऑफिसातलं नव्हे हां, मॅनेजर वर्षभराची मेहनत तीन ओळीत गुंडाळतो ते वेगळं. हे घराची किंमत ठरवणारं.

नियमाचं आधी उरकून टाकते. इथे अमेरिकेत १८ जानेवारी २०१४ पासून असं आहे की राहत्या घरावरचं पहिलं लोन असेल, मग ते घर घेताना असो की रिफायनान्स करताना, म्हणजे जुनं लोन फेडून नवं घेताना, तर लेंडरने अप्रेझलची कॉपी स्वतःहून द्यायची. रिपोर्ट तयार झाला की लगेच, आणि उशिरात उशिरा क्लोजिंगच्या, म्हणजे लोनच्या शेवटच्या सह्यांच्या, तीन बिझनेस दिवस आधी. अप्रेझल करण्याची फी तुमच्याकडून घेतील, ती घेता येते, पण कॉपीचे वेगळे पैसे नाहीत. परत सांगते, कॉपी फुकट, आणि मागायची गरज नाही. लोन नाकारलं किंवा तुम्हीच मधे सोडून दिलं तरी कॉपी द्यावी लागते. माणूस न पाठवता कॉम्प्युटरवरून किंमत काढली असेल तर तीही. आधी काय होतं, ज्याने लेखी मागितली त्याला मिळायची, आणि मागायची असते हेच कुणाला ठाऊक नसायचं. आता कागदांच्या गठ्ठ्यात कधीकधी एक वेव्हर असतो, की तीन दिवस आधी नको, क्लोजिंगलाच द्या. घाईघाईत सही करू नका त्याच्यावर, क्लोजिंगच्या टेबलावर कोण वाचणार आहे? तिथे तर स्वतःचं नाव लिहून लिहून हात दुखतो. दुसरं लोन, म्हणजे त्याच घरावर पहिल्याच्या मागे उभं असलेलं होम इक्विटी वगैरे, त्याला हा नियम नाही, तिथे मागून बघायचं.

झालं, आता माझी गोष्ट ऐका.

२०१९ चा ऑक्टोबर, दिवाळीच्या आधीचा आठवडा. रेट बरे होते म्हणून आम्ही रिफायनान्स काढलं. लोन ४ लाख ८० हजार डॉलरचं. घराची किंमत ६ लाख आली की बरोबर ८० टक्के, म्हणजे पीएमआय नाही (लोन ८० टक्क्यांच्या वर गेलं की लेंडरच्या बचावासाठी विमा असतो, त्याचा हप्ता आपण भरायचा), असा नवऱ्याचा हिशोब. आई-बाबा, म्हणजे माझे सासू-सासरे, सांगलीहून आले होते, आईंनी भाजणी बरोबर आणलेली, आणि अप्रेझर यायचा त्याच दुपारी चकल्या घातल्या. मी खाली बेसमेंटमध्ये मीटिंगवर. म्हटलं माणूस येईल, मोजेल, जाईल, त्याला काय बघायचं. (एक सांगते, हे ओपन किचन ज्याने काढलं त्याच्या घरी कधी फोडणी पडली नसणार. पडद्यांना वास, सोफ्याला वास, आणि लोकं त्याचे जास्त पैसे देतात! असो.)

अप्रेझर आले, बाबांच्याच वयाचे गृहस्थ. बुटांवर कव्हर घालून आले होते बिचारे, तरी आईंनी बूट काढायलाच लावले. लेझरने मोजत मोजत, फोटो काढत ते सगळं घर फिरले आणि गॅरेजच्या वरच्या खोलीपाशी पोचले. आता ही खोली म्हणजे आमची चौथी बेडरूम, आधीच्या मालकाने टाउनशिपचं परमिट काढून बांधलेली, हीटिंग-बिटिंग सगळं. आत बाबा झोपलेले. बाबा दुपारी दीड ते तीन झोपतात, सांगलीत तसं आणि न्यू जर्सीत पण तसंच. अप्रेझरने दाराकडे बोट दाखवून विचारलं हे काय आहे. आईंनी हातातला झारा दारावर आडवा धरला आणि सांगितलं, "नो नो. ओन्ली स्टोरेज."

मला यातलं काहीच माहीत नाही! संध्याकाळी आई म्हणाल्या, भला माणूस होता, दोन चकल्या खाल्ल्या त्याने. मी म्हटलं छान.

आठवड्याने लोन ऑफिसरचा फोन. किंमत आली ५ लाख ७२ हजार. म्हणजे लोन झालं जवळजवळ ८४ टक्के. एकतर पीएमआय भरा महिन्याला, नाहीतर २२ हजार ४०० डॉलर घेऊन या. नवरा म्हणाला मार्केट खाली असेल, भरू पीएमआय, कुठे भांडत बसतेस. हे आपल्या लोकांचं असंच, मॉलमध्ये वीस डॉलरच्या शर्टासाठी रिसीट घेऊन परत जातील आणि लाखांच्या कागदाला सिस्टीम आहे म्हणून हात जोडतील. बरं, रिपोर्ट आला होता का? आला होता की. चार दिवसांपूर्वीच ईमेलमध्ये येऊन पडला होता, तीस-पस्तीस पानांची पीडीएफ, आम्ही दोघांनीही उघडली नव्हती.

रात्री भांडी झाल्यावर उघडली. पहिल्या पानावर बेडरूम तीन. म्हटलं तीन कशा? खाली गेले, घराचा नकाशा असतो त्यात, स्केच, तर गॅरेजच्या वरच्या चौकोनात लिहिलेलं, स्टोरेज, अनफिनिश्ड. म्हणजे ती सगळी जागा राहण्याच्या जागेतूनच वगळलेली. आणि तुलनेला जी तीन विकलेली घरं धरली होती ती तिन्ही तीन बेडरूमची, त्यातलं एक तर हायवेच्या पलीकडचं. हे सगळं आलं कुठून ते मला कळेना. मग फोटोंच्या पानावर किचनचा फोटो दिसला, कढई, सोऱ्या, आणि कडेला आईंचं कोपर आणि तो झारा. मी आईंना उठवलं. त्या म्हणाल्या, "अगं, नुकताच डोळा लागला होता ह्यांचा."

थांबा, पुढचं सांगते, पण आधी क्रेडिट रिपोर्टचं बोलून घेते नाहीतर वेळ संपेल आणि तुम्ही मला परत विचाराल.

क्रेडिट रिपोर्टची कॉपी लेंडरने तुम्हाला दिलीच पाहिजे असं नाही. मागा, बरेच जण देतात, पण सक्ती नाही. सक्ती कशाची आहे, तर घराच्या लोनसाठी स्कोअर, म्हणजे रिपोर्टवरून आलेला आकडा, काढला की तो स्कोअर, तो कमी का आला त्याची मुख्य कारणं, आणि तो कुठून काढला, हे लेखी कळवायचं. आणि रिपोर्टमुळे लोन नाकारलं तर कुठल्या कंपनीचा रिपोर्ट ते सांगावं लागतं, मग ६० दिवसांच्या आत त्या कंपनीकडे मागितला तर रिपोर्ट फुकट. पण तोवर थांबता कशाला? एक्विफॅक्स, एक्सपीरियन, ट्रान्सयुनियन, हे रिपोर्ट बनवणाऱ्या तीन कंपन्या, तिघांचे रिपोर्ट अ‍ॅन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवर दर आठवड्याला फुकट बघता येतात. नाव अ‍ॅन्युअल आहे पण मिळतात आठवड्याला. अर्ज करायच्या दोन-तीन महिने आधी बघा, कारण चूक निघाली तर कंपनीला तपासायला साधारण ३० दिवस लागतात. आमच्या ह्यांच्या रिपोर्टमध्ये दिराचं कारलोन निघालं होतं, आडनाव एक, मधलं नाव वडिलांचं म्हणून तेही एक, आणि तो वर्षभर आमच्याकडे राहिलेला म्हणून पत्ता पण एक. मशीनला काय कळणार हे दोन भाऊ आहेत! आणि फोनवरच्या अ‍ॅपमध्ये दिसणारा स्कोअर आणि लेंडरला दिसणारा स्कोअर सारखा नसतो, फॉर्म्युलेच वेगळे असतात. लेंडर बहुतेक वेळा तिघांचे स्कोअर काढून मधला धरतो. तेव्हा अ‍ॅपवर सातशे ऐंशी बघून नाचू नका.

तर आमचं काय झालं. अप्रेझर लेंडरसाठी काम करतो, पैसे आपण दिले तरी, म्हणून त्याला थेट फोन करून हुज्जत घालायची नाही. जायचं लेंडरमार्फत. किंमत परत तपासा असं मागायचं, त्याला रीकन्सिडरेशन ऑफ व्हॅल्यू म्हणायचं, हाच शब्द वापरायचा, मग त्यांना कळतं की ह्या बाईने पीडीएफ वाचलीय. "किंमत कमी वाटते" असं लिहून काही होत नाही. मी तीन गोष्टी पाठवल्या. टाउनशिपचं परमिट, खोलीचे फोटो, आणि आमच्याच बाजूची चार बेडरूमची विकली गेलेली दोन घरं. म्हणजे काय करायचं, चूक कुठल्या पानावर आहे ते दाखवायचं आणि कागद जोडायचा. पान दाखवायचं, कागद जोडायचा. बस.

नऊ दिवसांनी तेच गृहस्थ परत आले. ह्या वेळी बाबा सकाळी दहापासून इस्त्रीचा शर्ट घालून खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसलेले. अप्रेझर जिना चढून वर आल्याबरोबर उठले, दार सताड उघडलं आणि म्हणाले, "धिस इज माय रूम, प्लीज कम."

नवी किंमत आली ६ लाख ५ हजार. रिपोर्टही नवा आला, तो मात्र आला त्याच मिनिटाला उघडला. फोटोंच्या पानावर बाबांचा पलंग, त्यावर घडी घातलेली गोधडी, स्टुलावर दातांची डबी, आणि खाली लिहिलेलं, बेडरूम ४. आईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाल्या, "बघ, गोधडीची घडी मी घातली होती म्हणून वाढवली त्याने किंमत."