आधी मऊ, मग कठीण: सिरॅमिक क्राउन कसा घडतो

नमस्कार. डिजिटल दंतचिकित्सा म्हटलं की सगळे पडद्याकडे बघतात. स्कॅन झालेली दाढ गरागरा फिरते, तिच्यावर क्राउन, म्हणजे दातावरची टोपी, आपोआप येऊन बसतो, पेशंटही खूश. ते सगळं छानच आहे. पण क्राउन नीट बसतो की नाही, टिकतो की तडकतो, याचा निम्मा निकाल पडद्यावर लागतच नाही. तो लागतो सिरॅमिकच्या ब्लॉकमध्ये, बरच्या (मशीनमधल्या कोरणाऱ्या हत्याराच्या) टोकावर आणि भट्टीत. आज तेवढ्यावरच बोलतो.

मूळ अडचण सोपी आहे. तोंडात टिकेल इतकं कठीण सिरॅमिक मशीनला कापायला नको असतं, आणि मशीनला सहज कापता येईल ते तोंडात टिकत नाही. 1985 साली झुरिक विद्यापीठात दंतवैद्य मोरमान आणि अभियंता ब्रांडेस्टिनी यांनी पेशंटच्या खुर्चीशेजारीच इनले (दाताच्या खड्ड्यात बसणारा तुकडा) तयार करून बसवला, तेव्हा पूर्ण भाजलेला, फेल्डस्पार या खनिजापासून केलेला ब्लॉक हिऱ्याच्या चकतीने घासला होता. चकतीला दाढेचा वरचा चावण्याचा भाग कोरता येत नव्हता, तो डॉक्टरांनी हाताने घडवायचा. पुढच्या काळात एक शहाणपणाची युक्ती निघाली: पदार्थ अर्धवट तयार असतानाच कापायचा आणि नंतर पक्का करायचा.

लिथियम डायसिलिकेट या काचेच्या जातीच्या सिरॅमिकचा ब्लॉक तुम्ही पाहिला असेल. निळा-जांभळा असतो, आणि पहिल्यांदा पाहणारा पेशंट हमखास विचारतो, ‘हा रंग राहणार का?’ त्या निळ्या अवस्थेत त्याची ताकद 130 ते 150 मेगापास्कल असते, म्हणजे मशीनला झेपेल इतकीच. मग सुमारे 840–850 अंश सेल्सिअसला तो भाजला की आतल्या मेटासिलिकेटचे डायसिलिकेट स्फटिक होतात, सुईसारखे लांबट आणि एकमेकांत अडकलेले. ताकद 360 मेगापास्कलच्या पुढे जाते आणि रंग दाताचा होतो. आकुंचन जेमतेम 0.2 टक्के, म्हणून जवळजवळ हव्या त्याच मापाला कापता येतो.

झिर्कोनिया या दुसऱ्या सिरॅमिकचं तसं नाही. तिची कच्ची डिस्क खडूसारखी असते, नखानेसुद्धा ओरखडा उठेल. भट्टीत ती 1500 अंशांच्या आसपास जाते आणि प्रत्येक बाजूने साधारण 20 टक्के आकसते. हिशेब करून बघा: 10 मिलिमीटरचा क्राउन हवा तर 12.5 मिलिमीटरचा कापावा लागतो, आणि भट्टीतून बाहेर येताना त्याचं घनफळ जवळपास निम्मं झालेलं असतं. आकुंचनाचा नेमका आकडा बॅचगणिक बदलतो. तो डिस्कवर छापलेला असतो आणि सॉफ्टवेअरमध्ये तोच भरायचा असतो. ‘गेल्या वेळचाच असेल’ म्हणून पुढे गेलात की क्राउन घट्ट तरी होतो, नाहीतर सैल. मग दोष स्कॅनरला!

आता हत्यारांकडे येऊ. काचेच्या जातीचे ब्लॉक हिऱ्याच्या बरने, भरपूर पाणी सोडून घासायचे. कच्ची झिर्कोनिया कार्बाइडच्या कटरने, बहुतेक ठिकाणी कोरडीच कापतात, शेजारी धूळ ओढणारं यंत्र चालू ठेवून. ओली कापलीच तर आधी नीट वाळवा. तशीच झटपट भट्टीत घातली तर वाफेने तडकू शकते.

पण मला जास्त बोलायचंय ते बरच्या टोकाबद्दल. टोक गोल असतं. क्राउनच्या आत स्वतःच्या जाडीपेक्षा अरुंद खाच त्याला कोरताच येत नाही. समजा क्राउनसाठी दात घासताना खालच्या पुढच्या दाताची कड तुम्ही 0.7 मिलिमीटरची धारदार ठेवली आणि मशीनमध्ये बर 1 मिलिमीटरचा आहे. सॉफ्टवेअर काय करणार? क्राउन दातावर चढला तरी पाहिजे, म्हणून ते आतून जास्तीचं सिरॅमिक काढून टाकतं. जिथे जाडी सर्वात जास्त हवी तिथेच क्राउन पातळ होतो आणि ती पोकळी सिमेंटने भरते. पडद्यावर बाहेरचा आकार तसाच सुबक दिसत राहतो. त्यामुळे कडा गोल करणं ही प्रेपमधली (क्राउनसाठी दात घासून तयार करण्यातली) हौस नाही, ती बरची गरज आहे. झिर्कोनियात इथे थोडा फायदा मिळतो: 0.6 च्या बरने कोरलेली खाच आकसून 0.48 ची होते, म्हणजे तोच बर जास्त बारीक काम देतो.

झिर्कोनिया मजबूत का, तर तडा पुढे सरकू लागला की त्याच्या टोकाशी असलेले स्फटिक रूप बदलतात, सुमारे 4 टक्के फुगतात आणि तड्याला दाबून धरतात. ही करामत 3 मोल टक्के यिट्रिया (झिर्कोनियात मिसळलेला ऑक्साइड) असलेल्या जातीत जोरात चालते. 5 टक्क्यांच्या जातीत निम्म्याच्या आसपास स्फटिक घनाकृती (क्यूबिक) रूपाचे असतात, ते बदलत नाहीत. दिसायला ती जास्त पारभासक, ताकदीला कमी. दोन्हींना ‘झिर्कोनिया’च म्हणतात, म्हणून मागवताना जात विचारा. मागच्या लांब ब्रिजला पाचवाली घेणं मला धाडसाचं वाटतं.

चिकटवण्याचं थोडक्यात. लिथियम डायसिलिकेटला हायड्रोफ्लोरिक ॲसिड आणि मग सायलेन (काचेला सिमेंटशी जोडणारं रसायन). झिर्कोनियात काच नसल्यामुळे त्या ॲसिडचा तिथे उपयोग नाही. हलक्या दाबाने ॲल्युमिनाच्या बारीक कणांचा मारा आणि मग एमडीपी (झिर्कोनियाला धरणारं रसायन) असलेला प्रायमर, हा तिचा रस्ता.

आणि झिर्कोनियाचा क्राउन तोंडात उंच लागला म्हणून घासायचा असेल तर बारीक हिऱ्याचा बर, पाणी आणि हलका हात. नंतर पॉलिश न चुकता. नुसत्या ग्लेझवर (वरच्या काचेसारख्या पातळ थरावर) विसंबू नका, तो काही काळाने झिजतो आणि खालची खरखरीत झिर्कोनिया समोरच्या दाताचं इनॅमल खाते. चकचकीत पॉलिश केलेली झिर्कोनिया त्या मानाने बरीच सौम्य वागते. ग्लेझ लावायचाच असेल तर आधी पॉलिश करून, मग त्यावर लावा.