"चारच तर ऑप्शन्स आहेत, आजी!"

नमस्कार श्रोतेहो.

सहामाहीचे पेपर घरी आले की घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "गणितासाठी काहीतरी लावायला हवं." पूर्वी लावायची ती शिकवणी. मास्तरांच्या ओट्यावर सतरंजी, पाचसहा पोरं, आणि आतून येणारा फोडणीचा वास. आता लावायचं ते मोबाईलवर. पडद्यावर शिकवणाऱ्या बाई, पाढ्यांचं ॲप, गणिताचे खेळ. जाहिरातीत तर गणित करणारं प्रत्येक मूल हसत असतं. खरं गणित करणारं मूल असं हसत नाही हो. ते कपाळाला आठ्या घालतं, जिभेचं टोक बाहेर काढतं, पेन्सिल चावतं. असो.

मी काही या खेळांच्या विरोधात नाही. मात्र खेळ मुलाच्या हातात देण्याआधी दोन प्रश्न विचारा. पहिला, चुकलं तर काय होतं? दुसरा, खेळातून गणित काढून घेतलं तर खेळ उरतो का? पुन्हा सांगते. चुकलं तर काय होतं, आणि गणित काढलं तर खेळ उरतो का.

ऑनलाइन शिकवणीची मोठी गोष्ट सुरू झाली तीही नात्यागोत्यातूनच. २००४ साली सलमान खान नावाचा एक तरुण, नट नव्हे, हा बॉस्टनला नोकरी करणारा, न्यू ऑर्लिन्सला राहणाऱ्या नादिया या नात्यातल्या बहिणीला दुरून गणित शिकवू लागला. एककांचं रूपांतर, तिथं तिचं घोडं पेंड खात होतं. मग बाकीची भावंडं आली, २००६ मध्ये त्यानं व्हिडिओ यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली, आणि त्यातून खान अकॅडमी उभी राहिली. भावंडं त्याला म्हणाली, "तू समोर असण्यापेक्षा व्हिडिओत बरा." बरोबरच आहे. व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, आणि "अजून नाही कळलं?" असं तो विचारत नाही.

आपल्याकडे 'प्रथम' या संस्थेनं वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले, एका संगणकावर दोन मुलं. अभ्यासकांनी मोजलं, गणित चांगलंच सुधारलं होतं. वर्षभरानं पुन्हा मोजलं, तेव्हा त्यातलं बरंच ओसरलेलं होतं. म्हणजे खेळानं फायदा होतो, पण तो टिकवायला मागं कोणीतरी लागतं. एका संगणकावर दोन मुलं, हे मला मात्र फार आवडलं. दोघं बसली की भांडतात, आणि भांडायचं तर उत्तर कसं आलं ते तोंडानं सांगावं लागतं.

आता गोष्ट सांगते. आज आले आहे ती खरं म्हणजे हीच सांगायला.

माझी ताई वाईला असते. उभी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथीचे वर्ग घेतले, आता निवृत्त आहे. तिची लेक न्यू जर्सीत. नात तिथंच जन्मली, २०१६ साली. मागच्या हिवाळ्यात लेकीचा फोन आला, "आई, हिचं गणित जरा तू घे. वजाबाकीत रडते." ठरलं. तिकडे शुक्रवारचे संध्याकाळचे साडेसात, म्हणजे इकडे शनिवारचे पहाटेचे सहा. ताई साखरेच्या डब्याला फोन टेकवून, शाल गुंडाळून, चहाचा कप घेऊन बसायची.

पहिल्या दिवशी नात म्हणाली, "आजी, मला मॅथ्स येतं. बघ, मी कितव्या लेव्हलला आहे!" टॅबवर तिचा एक जादूगार. निळा झगा, पंखांचा घोडा, हातात काठी. समोर ड्रॅगन. ड्रॅगनच्या डोक्यावर गणित उमटतं, खाली चार उत्तरं. सात आठे किती? पोरीनं एकावर बोट ठेवलं, चूक. दुसऱ्यावर, चूक. तिसऱ्यावर ठेवलं आणि ड्रॅगन आडवा! चांदण्यांचा पाऊस, टाळ्या.

ताईनं विचारलं, "अगं, हे उत्तर कसं आलं?"

नात म्हणाली, "चारच तर ऑप्शन्स आहेत, आजी!"

श्रोतेहो, चूक पोरीची नाही. तिनं खेळ बरोबर ओळखला होता. चुकल्यावर काहीच होत नसेल तर विचार कशाला करायचा? त्या खेळात गणित म्हणजे टोलनाका. थांबायचं, काहीतरी भरायचं, पुढे जायचं. नाका उठवला तर रस्ता आणखी छानच होईल. म्हणून तर माझा दुसरा प्रश्न, गणित काढलं तर खेळ उरतो का? इथं उरत होता, आणि मजेतच उरत होता.

ताई रागावली नाही. पुढच्या शनिवारी म्हणाली, "मी तुला माझा राक्षस देते. त्याला अजून कोणी हरवलेलं नाही. वही-पेन्सिल घे. चार आकडी एक संख्या लिही, तुझ्या मनातली."

पोरीनं आपलं जन्मसाल लिहिलं. २०१६. तुम्हीही लिहा, हाताशी कागद असेल तर. दोन, शून्य, एक, सहा.

"आता हेच अंक उतरत्या क्रमानं मांड." ६२१०. "आता चढत्या क्रमानं." ०१२६. पुढचं शून्य सोडायचं नाही. "मोठीतून लहान वजा कर."

झालं, हातच्यावर गाडी अडली. ताई शिक्षिका खरी. उत्तर सांगितलं नाही, चहा पीत बसली. आलं शेवटी, ६०८४. "आता याच अंकांचं पुन्हा तेच कर." ८६४० वजा ०४६८, आलं ८१७२. मग ७४४३. तिथं पोर कुरकुरली, "अजून किती वेळा?" ताई म्हणाली, "राक्षस दिसेपर्यंत." मग ३९९६. मग ६२६४. मग ४१७६. आणि सातव्या वजाबाकीला ६१७४.

"हा तो राक्षस. आता त्याला मारून दाखव. कर पुन्हा."

७६४१ वजा १४६७. आलं ६१७४! पोर ओरडली, "आजी, परत तोच आला! हे चीटिंग आहे!"

हा राक्षस आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा, हे तिला कुठून माहीत असणार? दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५ चा, देवळालीत शाळामास्तर. १९४९ साली त्यांनी हे शोधलं. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतोच. जग त्याला कापरेकर स्थिरांक म्हणतं. १९७५ साली गणिताच्या गमतींवर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात कापरेकरांविषयी लिहिलं, तेव्हा कुठं त्यांचं नाव जगभर झालं. आपल्याला त्यांची ओळख बाहेरच्यांनी करून द्यावी लागली, याचा मला अजून राग येतो. डोंबिवलीकरांनी तर त्यांची आठवण खास ठेवायला हवी. त्यांनी शोधलेल्या आणखी एका प्रकारच्या संख्यांना 'डेमलो' हे नाव मिळालं ते डोंबिवली स्टेशनाच्या तेव्हाच्या नावावरून.

असो, तर नात. तिनं राक्षसाशी युद्धच पुकारलं. गाडीच्या नंबराचे अंक घेतले, बाबाच्या फोनचे शेवटचे चार घेतले, घराचा नंबर उलटासुलटा केला. लेकीचा फोन आला, "आई, हिनं माझ्या ऑफिसच्या डायरीत वजाबाक्या लिहून ठेवल्यात!" हीच पोर गृहपाठाच्या दहा वजाबाक्यांना पोट दुखतं म्हणायची.

आणि ताईची खरी करामत पुढं आहे. पोर वही कॅमेऱ्यापुढे धरायची आणि ताई एक नजर टाकून म्हणायची, "तिसरी ओळ चुकली." आजी न मोजता चूक कशी पकडते? आठवड्यानं ताईनं गुपित फोडलं. या खेळातल्या प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज नवाच्या पाढ्यात बसते. ६०८४ घ्या. सहा, आठ, चार, अठरा झाले. नाही बसली तर हातचा कुठंतरी राहिला. त्यानंतर पोर आपल्या चुका आपणच शोधू लागली. आणि चूक तशीच राहिली तरी पुढं राक्षस बहुधा गाठतोच, रस्ता तेवढा वळसा घेतो. चुकलं तर काय होतं, या माझ्या पहिल्या प्रश्नाला इतकं देखणं उत्तर मला दुसऱ्या खेळात मिळालेलं नाही.

एके दिवशी पहाटे सहाच्याही आधी ताईचा फोन वाजला. पलीकडे नाचणं चालू होतं. "आजी, हरवला! मी हरवला त्याला!" तिनं लिहिलं होतं ११११. उलटं मांडलं तरी ११११. वजाबाकी शून्य. राक्षस आलाच नाही! मग २२२२, मग ३३३३. ताईनं ती एक अट पोरीला मुद्दामच सांगितली नव्हती.

जाता जाता एक. ताई मराठीत आकडे सांगायची तेव्हा नात एकोणसाठ आणि एकोणसत्तरला हमखास अडखळायची. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. जुनी पद्धतही त्याच पुस्तकात होती, पण ते वाचतो कोण! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, जोडाक्षरांत अडकणारं मूल गणितात मागं पडतं. माझं मत विचाराल तर बाईंचं बरोबर होतं. पत्रं लिहायची तर खुशाल लिहा.

थोडा वेळ उरलाय. खेळातून येणाऱ्या गणिताची दुसरी बाजू २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान-साप्ताहिकात आली. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात माल विकणारी मुलं पाहिली. अमुक दरानं इतके बटाटे, तितके कांदे, नोट दिली, परत किती? तोंडी, पटकन, बरोबर. तोच हिशेब शाळेच्या पद्धतीनं कागदावर दिला की गाडं अडतं. आणि शाळेत हुशार ठरलेली मुलं बाजारातल्या हिशेबात गडबडतात. म्हणजे एका जागी आलेलं गणित आपोआप दुसऱ्या जागी जात नाही. टॅबवरचं वहीत जाईल, हेही गृहीत धरू नका. म्हणून खेळ झाला की टॅब बाजूला ठेवून एकच विचारा, उत्तर कसं आलं? रोज विचारा. उत्तर कसं आलं?

आणि हो, पैसे भरण्याआधी पाठ्यपुस्तकातला तो काळा-पांढरा चौकोन, क्यूआर कोड, उघडून बघा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांत असे कोड आणण्याच्या कामासाठी गाजला. हे फुकट आहे, आणि आपल्याच भाषेत.

आता गृहपाठ. घरात लहान मूल असेल तर दोन अंकी संख्या द्या. ५२ वजा २५, सत्तावीस. ७२ वजा २७, पंचेचाळीस. ५४ वजा ४५, नऊ. नवाच्या पुढं शून्य मांडायचं, मग ९० वजा ०९, एक्क्याऐंशी. इथं राक्षस एका जागी थांबत नाही, गोल फिरत राहतो, पण नवाच्या पाढ्याबाहेर पडत नाही. थोड्या मोठ्या मुलाला तीन अंकी द्या. तिथं एकच ठाम आकडा दडलेला आहे. तो मी सांगणार नाही, आणि मोबाईललाही विचारू नका. वजाबाक्या करा.

नमस्कार.