क्वेसार : कोसळण्यातून निघणारा उजेड

मंडळी, १९६२ साली ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स इथल्या रेडिओ दुर्बिणीने एक पिधान, म्हणजे आकाशातल्या एका वस्तूने दुसरीला झाकणं, टिपलं. ‘३सी २७३’ नावाच्या रेडिओ स्रोतासमोरून चंद्र सरकला. स्रोत नेमका कधी झाकला गेला आणि कधी पुन्हा उगवला, यावरून त्याची अचूक जागा कळली. कन्या राशीतल्या त्या जागी तेराव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसण्याइतका फिकट, एक साधा तारा दिसत होता. निदान तो ताराच वाटत होता.

त्याच्या वर्णपटातल्या रेषा मात्र कोणत्याही ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेनात. १९६३च्या फेब्रुवारीत खगोलशास्त्रज्ञ मार्टिन श्मिट यांना त्या रेषांमधल्या अंतरांत एक क्रम दिसला. क्रम हायड्रोजनचाच होता! फक्त सगळ्या रेषा तांबड्या टोकाकडे जवळजवळ १६ टक्क्यांनी सरकल्या होत्या. ४८६ नॅनोमीटरची रेषा ५६३ वर जाऊन बसली होती. विश्वाच्या प्रसरणामुळे एवढी ताम्रसृती झाली असेल, तर ही वस्तू दोनशे कोटी प्रकाशवर्षांच्या पल्याड आहे. आणि इतक्या लांबून तेराव्या प्रतीची दिसते, म्हणजे आपल्या सबंध आकाशगंगेच्या शंभरपटीच्या आसपास तेजस्वी! मला आजही हा क्षण खगोलशास्त्रातल्या सर्वांत थरारक क्षणांपैकी एक वाटतो.

ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या, पण अशा अतिदूर आणि अतितेजस्वी वस्तूंनाच क्वेसार म्हणतात. त्यांची दुसरी गोष्ट आणखी चक्रावणारी. क्वेसारचा उजेड काही महिन्यांत, कधी काही दिवसांतही कमीजास्त होतो. एखादी वस्तू महिनाभरात उजळत-मंदावत असेल, तर ती प्रकाशाच्या महिनाभराच्या प्रवासापेक्षा फार मोठी असू शकत नाही. नाहीतर एका टोकाचा बदल दुसऱ्या टोकापर्यंत पोचायच्या आतच सगळं विस्कटून जाईल. दीर्घिकेच्या, म्हणजे आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहाच्या मानाने ही जागा म्हणजे एक ठिपका. एवढ्याशा जागेत शंभर आकाशगंगांचं तेज मावतं कसं?

ताऱ्यांचं इंधन इथे पुरत नाही. हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाचा जेमतेम ०.७ टक्का ऊर्जेत बदलतो. पण सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमानाच्या कृष्णविवराकडे वायू खेचला जातो, तेव्हा तो सरळ आत पडत नाही. त्याला फिरकी असते, म्हणून त्याची तबकडी बनते. तबकडीतला आतला थर बाहेरच्यापेक्षा वेगाने फिरतो, थर एकमेकांना घासतात, वायू हजारो अंश तापतो आणि लखलखतो. लोक विचारतात, कृष्णविवरातून प्रकाश बाहेर पडतोच कसा? पडत नाही. जिथून प्रकाशही परत फिरू शकत नाही, त्या उंबरठ्याबाहेरच्या या तबकडीतून उजेड येतो. साधारण दहा टक्के वस्तुमान इथे ऊर्जा होऊन जातं. म्हणजे वर्षाला एका सूर्याइतका वायू मिळाला, तरी लाख कोटी सूर्यांहून अधिक तेज निघतं.

वायू संपला की क्वेसार विझतो. कृष्णविवर तिथेच राहतं. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातही चाळीस लाख सूर्यांएवढं एक आहे, सध्या जवळजवळ उपाशी. आठ इंची दुर्बीण आणि काळोखं आकाश मिळालं, तर ३सी २७३ स्वतःच्या डोळ्यांनी शोधा. दिसेल फक्त एक फिकट ठिपका, पण तो उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर केवळ सूक्ष्मजीव होते.