प्रायव्हसीवाल्या ब्राउझरवर भरवसा ठेवायचा का?

क्रोम काढला, ब्रेव्ह टाकला, आता कोण बघतंय माझ्याकडे, असं म्हणणारं कुणीतरी तुमच्या ग्रुपमध्ये असेलच. तर नमस्कार, आज तेच बोलूया, हे जे प्रायव्हसीचं नाव घेऊन येणारे ब्राउझर आहेत, ब्रेव्ह, डकडकगो, फायरफॉक्स, यांच्यावर भरवसा ठेवायचा का.

आधी एक किस्सा नीट सांगते. मे 2022. झॅक एडवर्ड्स नावाचा सिक्युरिटी रिसर्चर डकडकगोचा मोबाइल ब्राउझर तपासत होता, म्हणजे एखादी साइट उघडली की आपल्याला न दिसता फोनमधून कुठेकुठे रिक्वेस्ट जातात ते बघत होता. साइट फेसबुकचीच, वर्कप्लेस. त्याला दिसलं की गूगलचे ट्रॅकर, म्हणजे आपण काय बघतो याची नोंद ठेवणारा लपलेला कोड, अडवले जातायत, फेसबुकचे पण अडवले जातायत, पण मायक्रोसॉफ्टचे, बिंग आणि लिंक्डइनकडे डेटा नेणारे, ते मात्र बिनधास्त सुटतायत. का? तर डकडकगोचे सर्च रिझल्ट बऱ्याच प्रमाणात बिंगकडून येतात आणि त्या करारामुळे यांचे हात बांधलेले होते. हे डकडकगोचे सीईओ गेब्रिएल वाइनबर्ग यांनी स्वतः मान्य केलं. ऑगस्टमध्ये कंपनीने ते ट्रॅकर पण अडवायचं जाहीर केलं, चांगलंच झालं, पण मला राग येतो तो याचा की तोपर्यंत लोक पूर्ण विश्वासाने ते ॲप वापरत होते आणि कराराची गोष्ट त्यांना बाहेरच्या माणसाने शोधल्यावर कळली.

ब्रेव्हचं 2020 मध्ये झालं. ॲड्रेस बारमध्ये बायनान्सचा, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या साइटचा, पत्ता टाइप केला की ब्राउझर ऑटोकम्प्लीट करताना त्याला स्वतःचा रेफरल कोड चिकटवायचा, म्हणजे तुम्ही तिथे अकाउंट काढलं तर कमिशन ब्रेव्हला. ट्विटरवर आरडाओरडा झाला, ब्रेव्हचे सीईओ ब्रेंडन आईक यांनी चूक कबूल केली, फीचर डीफॉल्टला, म्हणजे आपण काही न बदलता, बंद झालं. यात कुणाचा डेटा चोरला असं नाही, पण ॲड्रेस बार ही युजरची जागा आहे हो, तिथे न विचारता हात घालायचा नाही.

आणि फायरफॉक्स? तो बनवणाऱ्या मोझिलाचं बहुतेक उत्पन्न गूगल सर्चच्या करारातून येतं, हे वर्षानुवर्षं तसंच आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांनी आम्ही तुमचा डेटा कधीच विकणार नाही हे वाक्य साइटवरून काढलं. काही ठिकाणच्या कायद्यात डेटा विकण्याची व्याख्या फार मोठी आहे, असं त्यांचं म्हणणं. असेल, पण लोक ज्या वाक्यावर विसंबून होते तेच गेलं ना.

मग काय, परत क्रोम? अजिबात नाही, माझं मत एकदम स्पष्ट आहे. ब्रेव्ह पकडला गेला कारण त्याचा कोड गिटहबवर, म्हणजे कुणीही बघू शकेल अशा कोडच्या साइटवर, उघडा पडलेला आहे, लोकांनी जाऊन ती रेफरलची यादीच शोधून काढली. ज्याला असं कुणीही पकडू शकतं त्याच्यावर मी जास्त भरवसा ठेवते. शिवाय 2020 मध्येच डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या डग्लस लीथ यांनी सहा ब्राउझर आपल्या कंपनीला काय काय पाठवतात ते मोजलं, त्यात डीफॉल्ट सेटिंगवर सगळ्यात चांगला ब्रेव्हच निघाला, आणि मायक्रोसॉफ्टचा एज आणि रशियन यांडेक्स सगळ्यात वाईट. म्हणजे रेफरलचा घोळ आणि हा रिझल्ट, दोन्ही एकाच वर्षातले, एकाच ब्राउझरचे. म्हणून मी तरी ब्रँडला एकच मार्क देऊन मोकळी होत नाही, पैसा कुठून येतो ते बघते आणि काय डीफॉल्टला चालू ठेवलंय ते बघते.

अजून एक, ब्राउझर कितीही चांगला असू दे, तुम्ही जीमेलला लॉगिन करून सर्च करत बसलात तर गूगलला कळणारच, ब्राउझर त्यात काही करू शकत नाही. पत्रकार असाल, कुणापासून खरंच लपायची गरज असेल, तर टॉर ब्राउझर, तो स्लो आहे, पण तो बनवलाच आहे सगळे युजर एकसारखे दिसावेत म्हणून.

बाकीच्यांनी आत्ता हे करा. ब्रेव्हमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात डेटा कलेक्शन, तिथे प्रॉडक्ट ॲनालिटिक्स (ब्राउझर कसा वापरता याची माहिती) आणि रोजचा युसेज पिंग (तुम्ही वापरताय एवढं कंपनीला कळवणारा सिग्नल) चालू दिसेल, दोन्ही बंद करा. फायरफॉक्समध्ये पण प्रायव्हसीच्या पानावर खाली डेटा कलेक्शन आहे, तिथले टिकमार्क काढा. आणि डीफॉल्ट सर्च इंजिन कुठलं सेट आहे ते पण बघून घ्या, फायरफॉक्सला बहुतेक गूगलच असेल, का ते आत्ताच सांगितलं.