दहा मिनिटांची फिल्म

[रात्र. पाइनच्या झाडीतला रस्ता. दूरवर गाडीचे दिवे.]

21 जून 1964. अमेरिकेतलं मिसिसिपी राज्य, नेशोबा काउंटी. फिलाडेल्फिया नावाच्या छोट्या गावातल्या तुरुंगातून रात्री उशिरा तिघांना सोडतात. जेम्स चेनी, वय 21, इथलाच, कृष्णवर्णीय. अँड्र्यू गुडमन, 20, आणि मायकेल श्वर्नर, 24. दोघंही न्यूयॉर्कचे गोरे ज्यू.

दुपारी पकडलं ते गाडी जोरात चालवली म्हणून. निदान कागदावर तसं होतं. खरं तर ते जळालेलं एक चर्च बघायला आले होते आणि त्या उन्हाळ्यात कृष्णवर्णीयांची नावं मतदारयादीत घालायच्या मोहिमेत होते. कारण तेवढं पुरलं.

44 दिवसांनी तिघांचे मृतदेह मातीच्या एका बंधाऱ्यात सापडले.

[कृष्णधवल छायाचित्र : कोर्टाच्या पायऱ्या]

राज्याने खुनाचा खटला भरलाच नाही. 1967 मध्ये केंद्र सरकारने नागरी हक्क हिरावण्याच्या कटाचा भरला. 18 आरोपी, 7 दोषी, आणि सहा वर्षांहून जास्त कुणीच आत राहिलं नाही. खुनाचा कट रचल्याचा आरोप असलेला धर्मोपदेशक एडगर रे किलन तर सुटलाच. ज्युरीतले 11 जण त्याच्या विरोधात होते; बाराव्या बाईंना एका धर्मोपदेशकाला दोषी म्हणवेना.

[शाळेचा वर्ग]

आता शिकागोजवळचं लिंकनशायर, साल 2004. शिक्षक बॅरी ब्रॅडफर्ड आणि तीन विद्यार्थिनी ‘नॅशनल हिस्टरी डे’ या इतिहासाच्या शालेय स्पर्धेसाठी विषय शोधतायत. त्या नेशोबातले हे खून निवडतात. ही स्पर्धा 1974 मध्ये क्लीव्हलंडला 129 मुलांवर सुरू झाली. आज दरवर्षी पाच लाखांहून जास्त मुलं उतरतात. माहितीपट करायचा तर मर्यादा दहा मिनिटांची. काम मुलांनीच करायचं. आपल्याकडे प्रकल्प म्हटलं की पुठ्ठा, फेविकॉल आणि आदल्या रात्री जागणारी आई आठवते, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

दरवर्षी एक सूत्र असतं. 2012 चं होतं ‘क्रांती, प्रतिक्रिया, सुधारणा’. मुलींची फिल्म त्याच्या आठ वर्षं आधीची, पण नेशोबात तिन्ही सापडतात. सुधारणा 1965 मध्येच आली, मताधिकाराच्या कायद्याने. प्रतिक्रिया मात्र, म्हणजे किलन, ऐंशीच्या घरात पोचून, त्याच तालुक्यात, निवांत राहत होती.

मुलींनी तिला फोन लावला. आणि किलन बोलला. वर्षानुवर्षं गप्प असलेला माणूस शाळकरी पोरींशी बोलला, रेकॉर्डिंग चालू असताना.

[वर्तमानपत्रांची कात्रणं]

‘तीन मुलींनी खटला उघडला’ हा मथळा गोड आहे, पण पुरता खरा नाही. जॅक्सनचे पत्रकार जेरी मिचेल कित्येक वर्षं हे प्रकरण उकरत होते. 2004 मध्ये खुद्द फिलाडेल्फियातल्या काळ्या-गोऱ्या रहिवाशांनी एकत्र येऊन जाहीरपणे न्याय मागितला. चेनीच्या आईने तर चाळीस वर्षं काढली होती. 2005 मध्ये किलनवर अखेर खुनाचा खटला चालला, तेव्हा ती साक्षीला उभी राहिली. मुलींनी या सगळ्यात आपला धक्का दिला, लोकप्रतिनिधींना गाठलं, विषय थंड पडू दिला नाही. दहा मिनिटांच्या फिल्मसाठी हे थोडं नव्हे.

[कोर्ट. व्हीलचेअर.]

21 जून 2005. बरोबर 41 वर्षं. ज्युरीने खून मानला नाही, सदोष मनुष्यवध मानला, तिघांचाही.

दोन दिवसांनी न्यायाधीशांनी शिक्षा वाचली. चेनीसाठी 20 वर्षं. गुडमनसाठी 20. श्वर्नरसाठी 20. एकामागून एक भोगायची. किलन तेव्हा 80 वर्षांचा होता.