चार फुप्फुसांचा कोळी

ही टॅरांटुलाची, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याची कात. पोटाकडचा चुरगळलेला भाग ओला करून हलक्या हाताने उलगडला, की आत चार पांढरे ठिपके दिसतात. हे त्याच्या फुप्फुसांचं अस्तर, कातीबरोबर उतरलेलं. भिंगाखाली पाहा: वहीच्या पानांसारखे पातळ थर, एकावर एक. म्हणून नाव पडलं पुस्तक-फुप्फुस. पानांच्या आत रक्त, दोन पानांमधल्या फटीत हवा.

बागेत गोल जाळं विणणाऱ्या कोळ्याला अशी फुप्फुसं दोनच. मागच्या जोडीच्या जागी श्वासनलिका, म्हणजे हवा आत नेणाऱ्या बारीक नळ्या. फरक इतका ढळढळीत, की 19व्या शतकात फ्रान्सचे प्राणिशास्त्रज्ञ लात्रेय यांनी कोळ्यांच्या दोन फळ्या केल्या: चार फुप्फुसवाले आणि दोन फुप्फुसवाले. मोजा आणि कप्प्यात टाका!

मग 1888 साली जॉर्ज मार्क्स यांनी अमेरिकेतल्या एका कोळ्याचं वर्णन छापलं. नाव हायपोकिलस. अपालाचियन डोंगरांत, पुढे आलेल्या कातळाखाली याचं बिऱ्हाड. जाळं थेट दिव्याच्या शेडसारखं. अरुंद टोक दगडाला डकवलेलं आणि आत हा लांब पाय पसरून दगडाशी एकरूप झालेला. समोर असूनही चटकन सापडत नाही.

फुप्फुसं मोजली, तर चार. म्हणजे टॅरांटुलाचा भाऊबंद? पण याच्या पोटाखाली चाळणीसारखी एक चकती आहे. तिच्यातून निघणारे अतिसूक्ष्म तंतू मागच्या पायांवरच्या केसांनी पिंजून तो लोकरीसारखा धागा काढतो. टॅरांटुलाच्या शाखेत अशी चकती कुणाकडेच नाही. बागेतल्या कोळ्याच्या शाखेत मात्र ती कित्येकांकडे आहे.

चार फुप्फुसं ही कोळ्यांच्या मूळ पूर्वजाकडून आलेली ठेव. विंचवाला तर अशी आठ असतात. दोन घरांत जुनं जातं दिसलं म्हणून ती सख्खी भावकी ठरत नाही. बाकीच्यांनी मिक्सर आणला, यांनी आणला नाही, एवढंच. टास्मानियाच्या गुहांमधल्या एका कोळ्यानेही हे जातं जपलंय.

तरी मोजण्याचा मोह सुटला नाही. 1933 मध्ये कोळ्यांचे अभ्यासक पेट्रुंकेविच यांनी बिनफुप्फुसांच्या कोळ्यांचा वेगळा गट केला. त्यातली कुळं आज वंशवृक्षाच्या निरनिराळ्या फांद्यांवर बसली आहेत.

आता आपल्या छताचा कोपरा. काटकुळ्या पायांचा, जाळ्याला बोट लागलं की थरथरणारा हा कोळी. पारदर्शक डबीत घेऊन खालून पाहा. पुढे फुप्फुसांची एक जोडी. आणि मागे? ना फुप्फुसं, ना श्वासनलिका.